झित्काला-शाला कोणी लिहून दिलं?

प्रश्न : झित्काला-शा या अमेरिकन आदिवासी लेखिकेबद्दल नुकतंच वाचलं. आठव्या वर्षापर्यंत तिला इंग्रजी येत नव्हतं आणि चोविशीच्या आतच तिचे लेख ‘अटलांटिक मंथली’त छापून आले, असं त्यात होतं. हे कसं जमलं? तिला कोणी लिहून दिलं होतं का? आणि दोन-तीन वर्षांतच तिचं नाव मासिकांतून दिसेनासं होतं, ते का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : लिहून कोणी दिलं नव्हतं. हे आधी सांगून टाकतो, कारण ही शंका तुमच्या एकट्याची नाही आणि अगदी निराधारही नाही. अमेरिकेतल्या आदिवासींची त्या काळातली बरीच आत्मकथनं दुसऱ्याच्या हातून कागदावर उतरलेली आहेत. साउक लोकांचा पुढारी ब्लॅक हॉक याचं १८३३ चं आत्मचरित्र त्याने सांगितलं, दुभाष्याने इंग्रजीत आणलं आणि एका वर्तमानपत्राच्या संपादकाने सजवून छापलं. पायूट जमातीच्या सारा विनेमुकाच्या १८८३ च्या पुस्तकावर संपादक म्हणून मेरी मान यांचं नाव आहे. डॉ. चार्ल्स ईस्टमन यांचं बालपणावरचं पुस्तक १९०२ साली आलं, त्यांच्या लेखनावर त्यांच्या लेखिका पत्नीचा हात फिरत असे. विल्यम एपेससारखा एखादा १८२९ मध्येच आपलं आपण लिहून मोकळा झाला होता, पण असे थोडे. झित्काला-शा या थोड्यांतली. तिच्या मजकुरात दुभाषा नाही आणि शेजारी बसून टिपून घेणारा कोणी मानववंशशास्त्रज्ञही नाही.

तिचं शाळेतलं नाव गर्ट्रूड सिमन्स. जन्म २२ फेब्रुवारी १८७६ चा, आजच्या साउथ डाकोटातल्या यांक्टन सू लोकांच्या राखीव वस्तीत, मिसूरी नदीच्या काठी. आई यांक्टन. वडील गोरे, ते कुटुंब सोडून गेलेले. १८८४ साली वस्तीवर क्वेकर मिशनरी आले. पूर्वेकडे लाल सफरचंदांच्या बागा आहेत, हवी तेवढी खा, शिवाय आगगाडीत बसायला मिळेल, असं त्यांनी मुलांना सांगितलं. आईची तयारी नव्हती. पोरीने हट्ट धरला, रडली, आणि आईने जड मनाने जाऊ दिलं. ती इंडियाना राज्यातल्या वॉबॅश गावी ‘व्हाइट्स मॅन्युअल लेबर इन्स्टिट्यूट’मध्ये पोचली. नावातच अंगमेहनत होती. अभ्यासाच्या जोडीला स्वयंपाकघर, धुणं, शेत ही कामं मुलांकडूनच करून घेतली जात.

तीन वर्षांनी ती घरी परतली आणि तिथेही तिचा पाय टिकेना. मधली काही वर्षं आईजवळ काढून पुन्हा त्याच शाळेत गेली. १८९५ मध्ये तिथलं शिक्षण संपवून, आईच्या मनाविरुद्ध, इंडियानातल्याच अर्लहॅम कॉलेजात दाखल झाली. माझ्या मते तिच्या लेखनाचा उगम शोधायचा तर इथे शोधावा. आणि तो वहीत सापडणार नाही, व्यासपीठावर सापडेल.

त्या काळी अमेरिकन कॉलेजांत वक्तृत्व स्पर्धांचं मोठं प्रस्थ होतं. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून करंडकांसाठी झुंजलेल्या वाचकांना ते वातावरण वेगळं समजावून सांगायला नको. १८९६ मध्ये गर्ट्रूडने कॉलेजची स्पर्धा जिंकली आणि इंडियानापोलिसच्या राज्य स्पर्धेत अर्लहॅमची प्रतिनिधी म्हणून उभी राहिली. प्रतिस्पर्धी कॉलेजच्या पोरांनी एक निशाण झळकावलं, त्यावर आदिवासी बाईचं चित्र आणि तिला हिणवणारा शब्द. तिने भाषण पूर्ण केलं आणि दुसरं बक्षीस घेतलं. ‘साइड बाय साइड’ हे ते भाषण कॉलेजच्या नियतकालिकात छापून आलं. पुढच्या वर्षी तिथेच तिची एक कविताही आली. तेव्हा ‘अटलांटिक’ ही काही पहिली पायरी नव्हे. त्याआधी तिने भर सभागृहात इंग्रजी वाक्य कुठे उचलायचं, कुठे थांबवायचं, गोऱ्या श्रोत्याच्या मनात दया आली की त्या क्षणी काय करायचं, हे सगळं आजमावून पाहिलं होतं. तिचे लेख मोठ्याने वाचून पाहा, बोलणाऱ्या माणसाचा श्वास त्यांत ऐकू येतो. यात वस्तीवरच्या संध्याकाळचाही वाटा आहे. जेवायला आलेले म्हातारे विस्तवाभोवती बसून गोष्टी सांगायचे आणि ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायची, हे तिने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

तब्येत बिघडल्यामुळे १८९७ मध्ये कॉलेज सुटलं आणि ती शिक्षिका म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलमध्ये लागली. (पेनसिल्व्हेनिया म्हटल्यावर मराठी माणसाला आनंदीबाई जोशी आठवतात. आनंदीबाई १८८६ मध्ये जिथून डॉक्टर झाल्या, त्याच फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून तीन वर्षांनी ओमाहा जमातीच्या सुझन ला फ्लेश डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.) कार्लाइलची शाळा १८७९ मध्ये लष्कराच्या जुन्या बराकींत कॅप्टन रिचर्ड हेन्री प्रॅट यांनी सुरू केली होती. आदिवासी मुलांना घरापासून शेकडो मैल दूर आणायचं, त्यांचे केस, कपडे, भाषा, नाव बदलायचं आणि मुलगा आला तेव्हाचा नि ‘सुधारल्या’नंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून देणगीदारांना दाखवायचे, अशी तिथली रीत. माणूस वाचवायचा तर त्याच्यातला इंडियन मारला पाहिजे, हे प्रॅट यांचं जाहीर म्हणणं होतं. ते दुष्ट नव्हते, आणि पंचाईत तिथेच होती. आपण उपकार करतो आहोत यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. गर्ट्रूड त्यांच्या दृष्टीने शाळेची चालतीबोलती जाहिरात होती.

मग ती मासिकापर्यंत पोचली कशी? कला आणि मासिकांच्या पूर्वेकडच्या जगात तिचा शिरकाव होत होता. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध छायाचित्रकार गर्ट्रूड केसेबियर यांनी १८९८ मध्ये तिचे फोटो काढले, एकात हातात व्हायोलिन आहे, एकात पुस्तक. पुढे नोकरी सोडून ती व्हायोलिन शिकायला बॉस्टनला गेली, आणि ‘अटलांटिक मंथली’ बॉस्टनचंच. ब्लिस पेरी १८९९ मध्ये त्याचे संपादक झाले होते. त्या दशकात प्रांतोप्रांतीचं जीवन रंगवणाऱ्या लेखनाला मासिकांत मागणी होती आणि ‘नाहीसा होत चाललेला इंडियन’ या कल्पनेवर शहरी वाचक हळहळायला उत्सुक होता. वुंडेड नी इथे अमेरिकन सैन्याने सू लोकांची कत्तल केली, त्याला जेमतेम नऊ वर्षं झाली होती. लढाया संपल्या की जिंकणाऱ्याला हरलेल्याविषयी भावुक होता येतं. ही बाजारपेठ तिने ओळखली असणार, असं मला तिचे लेख वाचताना वाटतं, कारण पहिला लेख त्या वाचकाला अगदी हाताला धरून आत नेतो.

जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च १९००, असे लागोपाठ तीन अंक. पहिल्यात वस्तीवरचं बालपण, दुसऱ्यात निवासी शाळा, तिसऱ्यात शिक्षिकेची नोकरी. नाव दिलं झित्काला-शा, लाल पक्षी. हे नाव जन्माचं नव्हतं. भावजयीशी खटका उडाला, सिमन्स हे आडनाव लावायचा तुला हक्क नाही असं ऐकावं लागलं, तेव्हा स्वतःच स्वतःचं नाव ठेवून घेतलं, असं तिने पुढे एका पत्रात कळवलं आहे.

पहिल्या लेखातला एक प्रसंग मला फार आवडतो. आई बाहेर गेलेली, पोर एकटी घरात, आणि एक म्हातारे आजोबा भेटायला येतात. पाहुण्याला काहीतरी दिलं पाहिजे, एवढं पोरीला ठाऊक आहे. ती किटलीतल्या कॉफीच्या जुन्या चोथ्यावर नदीचं गढूळ पाणी ओतते, विझलेल्या चुलीच्या राखेवर ठेवते आणि ते गार गढूळ पाणी भाकरीच्या तुकड्याबरोबर पुढे करते. आजोबा घोट घेतात. आई येते, तीही हसत नाही. दोघांनी पोरीच्या आतिथ्याचा मान राखला. लेखिका यावर फार भाष्य करत नाही. पण पुढच्या महिन्याचा अंक उघडला की त्याच मुलीला शाळेत पहिल्याच दिवशी कसं वागवलं ते येतं, आणि वाचकाला दोन घरांतला सुसंस्कृतपणा आपोआप मोजावा लागतो.

दुसऱ्या लेखातला केस कापण्याचा प्रसंग सगळीकडे उद्धृत होतो. तिच्या लोकांत केस कापले जात ते शोकात, किंवा शत्रूने पकडलेल्या भेकड योद्ध्याचे. मुलगी वरच्या खोलीत पलंगाखाली लपते, तिला ओढून काढतात, खुर्चीला बांधतात आणि वेण्या कापतात. प्रसंग भेदक आहेच. पण लेखिकेची खरी चुणूक मला सलगमच्या प्रसंगात दिसते. शिक्षा म्हणून तिला स्वयंपाकघरात सलगम ठेचायला लावतात. सलगम तिला नकोसे, त्यांचा वासही नकोसा. ती हुकूम इतका मनापासून पाळते की भांड्याचा तळच फुटतो आणि ठेचा खाली सांडतो. त्या दिवशी जेवणात सलगम नव्हते. हुकूम मोडला असं कोणी म्हणू शकत नाही! अत्याचाराच्या कहाणीत विनोद आणणं हे धाडसाचं काम असतं, आणि तेविशीतल्या या बाईला ते साधलं होतं. बायबलच्या गोष्टींच्या पुस्तकातल्या सैतानाचे डोळे पेन्सिलीने खरवडून काढणारी मुलगीही हीच.

तिसरा लेख प्रौढ आणि कडवट आहे. शाळेचा पांढऱ्या केसांचा मुख्य अधिकारी तिला आणखी मुलं गोळा करून आणायला पश्चिमेकडे पाठवतो. म्हणजे एके काळी सफरचंदं दाखवून तिला जसं नेलं, तेच काम आता तिने करायचं! प्रवासात ती आईकडे जाते. घर मोडकळीला आलेलं, भावाची सरकारी नोकरी आपल्या लोकांसाठी तोंड उघडल्यामुळे गेलेली, नदीपलीकडे गोऱ्या वसाहतवाल्यांचे दिवे वाढलेले. रात्री आई त्या दिव्यांकडे मूठ उगारून शिव्याशाप देते. परतल्यावर तिला सहकारी शिक्षक नव्याने दिसू लागतात, त्यांत अफूचं व्यसन असलेला एक आहे, आणि त्याला ठेवून घेतलं जातं कारण त्याला म्हाताऱ्या आईला पोसायचं आहे. आदिवासी मुलांच्या वह्या पाहून माना डोलावत निघून जाणारे पाहुणेही तिच्या नजरेतून सुटत नाहीत. हे पाहुणे म्हणजेच ‘अटलांटिक’चे वाचक. पहिल्या लेखात हाताला धरून आणलेल्या वाचकाला तिसऱ्यात ती आरशासमोर उभं करते.

आत्मकथन म्हणून या लेखांत बरंच गाळलेलंही आहे. वडील गोरे होते हे ती सांगत नाही. कार्लाइलमध्ये जोडलेले स्नेही, बॉस्टनमधली मजा, यांतलं काही नाही. यावरून तिला अप्रामाणिक ठरवणारे आहेत. मला ते पटत नाही. तीन लेखांत एकच आवाज शेवटपर्यंत न्यायचा तर काय घ्यायचं आणि काय टाकायचं, हे ठरवावंच लागतं. ते तिने ठरवलं, एवढंच.

कार्लाइलला अर्थात हे रुचलं नाही. शाळेच्या छापखान्यातून निघणाऱ्या ‘रेड मॅन’ या पत्राने तिच्या लेखनाची दखल घेतली, पण शाळेतल्या दिवसांची सुखाची बाजू तिला आठवू नये, मदत करणाऱ्यांचा साधा उल्लेखही नसावा, याची खंत जोडून. गंमत म्हणजे त्याच वसंतात ती कार्लाइलच्या बँडबरोबर दौऱ्यावर होती, व्हायोलिन वाजवत होती आणि आदिवासी पोशाखात लाँगफेलोच्या ‘हायवाथा’तला दुष्काळाचा भाग म्हणून दाखवत होती. गोऱ्या कवीने कल्पिलेला इंडियन रंगमंचावर आणि स्वतः भोगलेला मासिकात. पोट आणि लेखणी यांचा असा व्यवहार लेखकाला करावा लागतो, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

पुढचं वर्ष तिचं सर्वांत भरभराटीचं. मार्च १९०१ च्या ‘हार्पर्स’मध्ये ‘द सॉफ्ट-हार्टेड सू’ ही कथा आली. मिशन शाळेत शिकून धर्मोपदेशक झालेला तरुण घरी परततो. त्याला शिकार येत नाही, आजारी बाप उपाशी मरतो आहे. तो गोऱ्याचं जनावर मारतो, झटापटीत माणूसही मारला जातो, मांस घेऊन घरी पोचेपर्यंत बाप संपलेला. कथा सांगताना तो फाशीची वाट पाहतो आहे. कार्लाइलमध्ये या कथेला टाकाऊ आणि लेखिकेला पेगनांहून, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्यांहूनही, वाईट म्हणतात, असं तिच्या कानावर आलं. त्याच वर्षी ‘द ट्रायल पाथ’ ही कथा ‘हार्पर्स’मध्येच आली, आणि बॉस्टनच्या गिन कंपनीने ‘ओल्ड इंडियन लेजंड्स’ हे तिचं पहिलं पुस्तक काढलं. इक्तोमी या लबाड कोळ्याच्या गोष्टी त्यात आहेत, चित्रं हो-चंक जमातीच्या एंजल डी कोरा यांची. डिसेंबर १९०२ मध्ये ती पुन्हा ‘अटलांटिक’मध्ये दिसली. लेखाचं नाव ‘व्हाय आय अ‍ॅम अ पेगन’. कार्लाइलला दिलेलं उत्तर म्हणून ते वाचायचा मोह मला आवरत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. एवढं चाललेलं असताना ती मासिकांतून गेली का?

लग्न झालं म्हणून, असं सोपं उत्तर दिलं जातं. ते अर्धवट आहे. १९०१ मध्ये तिचं शिकागोचे यावापाई डॉक्टर कार्लोस माँटेझुमा यांच्याशी लग्न ठरलं होतं. तिला वस्तीवर राहायचं होतं, म्हाताऱ्या आईजवळ, आणि जुनी माणसं आहेत तोवर गोष्टी गोळा करायच्या होत्या. डॉक्टरांना शिकागोतला जम सोडायचा नव्हता. दोघांची पत्रं वाचताना वाटतं, भांडण गावाबद्दल दिसतं खरं, पण आहे ते काम कुठे करायचं याबद्दल. ठरलेलं लग्न मोडलं. मे १९०२ मध्ये तिने यांक्टनच रेमंड बॉनिन यांच्याशी लग्न केलं. ते सरकारी इंडियन खात्यात नोकरीला होते, तिथून दोघं युटा राज्यातल्या युइंटा-उरे राखीव वस्तीवर गेली आणि १९१६ पर्यंत तिथेच राहिली. दुर्गम जागा, तान्हा मुलगा, नवऱ्याची सरकारी नोकरी. ज्या खात्यावर लिहायचं तेच खातं घरात पगार देत होतं, ही अडचण लहान नव्हती.

दुसरं कारण मासिकांकडे आहे. त्यांना हळवं बालपण चालत होतं, लोककथा तर फारच चालत होत्या. जमिनी कोण लाटतं, रेशन कोण खातं, हे त्यांना नको होतं. १९०२ नंतर तिच्या मनात साठत गेलं ते हेच. संगीत मात्र सुटलं नाही. विल्यम हॅन्सन यांच्याबरोबर रचलेला ‘सन डान्स ऑपेरा’ १९१३ मध्ये युटातल्या व्हर्नल गावी रंगमंचावर आला. मग १९१६ मध्ये ‘सोसायटी ऑफ अमेरिकन इंडियन्स’ची सचिव म्हणून ती वॉशिंग्टनला गेली, संस्थेचं मासिक संपादित केलं. १९२१ मध्ये जुने लेख आणि कथा एकत्र करून ‘अमेरिकन इंडियन स्टोरीज’ हे पुस्तक काढलं. १९२४ मध्ये ओक्लाहोमात तेलाच्या जमिनींसाठी आदिवासींना कसं लुबाडलं जातं याचा अहवाल दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिला. गद्य तेच, धारही तीच. फक्त आता वाचक म्हणून अमेरिकन काँग्रेसचे सभासद होते. १९०० ते १९०२ ही तिची वाङ्मयीन कारकीर्द आणि बाकी समाजकार्य, अशी वाटणी साहित्याचे प्राध्यापक करतात, तिने स्वतः ती केली असेल असं वाटत नाही.

प्रश्न : तिचं काय वाचावं आणि कुठून सुरुवात करावी? मराठीत काही आहे का? (आणखी एक वाचक)

उत्तर : मराठीत काही असल्याचं मला ठाऊक नाही. इंग्रजीतच वाचा, तिची वाक्यं छोटी आणि सरळ आहेत. १९३८ मध्ये तिचं निधन झालं आणि नंतर बरीच वर्षं ती विस्मरणात होती. नेब्रास्का विद्यापीठाने १९८५ मध्ये ‘अमेरिकन इंडियन स्टोरीज’ पुन्हा छापलं तेव्हापासून ती अभ्यासक्रमांत आली. लेखन जुनं असल्यामुळे आता फुकटातही मिळतं. सुरुवात तीन आत्मकथनपर लेखांपासून करा, पण पाठ्यपुस्तकवाले करतात तसं दुसऱ्यावर थांबू नका, तिसरा वाचाच. ‘बलुतं’ किंवा ‘उपरा’ वाचलेल्या माणसाला तिची ओळख पटायला वेळ लागणार नाही. एक सावधगिरी मात्र हवी : ‘व्हाय आय अ‍ॅम अ पेगन’ १९२१ च्या पुस्तकात ‘द ग्रेट स्पिरिट’ या नावाने आहे आणि त्याचा शेवट बदललेला आहे. १९०२ चा मूळ पाठ मिळवून दोन्ही शेजारी ठेवून वाचा. वीस वर्षांत ती नरमली की वाचक बदलला म्हणून तिने सूर बदलला, यावर माझं आणि माझ्या एका प्राध्यापक मित्राचं अजून एकमत झालेलं नाही. तुमचं काय होतं ते कळवा.